चार घरांचा एक टीव्ही

आमच्या लहानपणी कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत चार घरांत मिळून एकच टीव्ही होता. तो शेजारच्या काकूंकडे. काळा-पांढरा, लाकडी शटरचा. शटर सरकवण्याचा मान काकूंचाच. कौलांवर चढून कुणीतरी अँटेना फिरवायचे आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" पडद्यावर बऱ्याचदा मुंग्याच दिसायच्या, तरी कुणी उठत नसे.

आमच्या अब्बांना टीव्ही पसंत नव्हता. "हे यंत्र घरात आलं की नमाज आणि अभ्यास दोन्ही जातील," असे त्यांचे म्हणणे. काकूंकडे जायला मात्र त्यांनी कधी मनाई केली नाही. अट एकच, मगरिबची अजान झाली की घरी यायचे.

हे सारे आठवायला कारण घडले. मध्यंतरी नववीच्या वर्गात आम्ही निबंधाला विषय दिला, 'घरातल्या सर्वांनी मिळून पाहिलेला कार्यक्रम'. बरीच मुले पेन हातात धरून तशीच बसली. एकाने विचारले, "सगळ्यांनी मिळून म्हणजे? आमच्याकडं ज्याचा त्याचा मोबाईल आहे."

हसू आणि आसू

आमच्या आधीच्या पिढीला विनोदी मालिका म्हटले की चिमणराव आठवतात. चिं. वि. जोशींच्या कथांवरची ती मालिका मुंबई दूरदर्शनने सत्तरच्या दशकात दाखवली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या वाट्याला आले ते १९८८ सालचे 'वागले की दुनिया'. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला हा मराठी कारकून अंजन श्रीवास्तव यांनी उभा केला, तर भारती आचरेकर त्याची पत्नी झाल्या. आमचे अब्बाही कारकूनच. वागळ्यांच्या घरातली महिनाअखेर आणि आमच्या घरातली महिनाअखेर यांत काडीचा फरक नव्हता.

मुलांसाठी 'गोट्या' होता. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची, राजदत्तांनी दिग्दर्शित केलेली मालिका. जॉय घाणेकर या मुलाने गोट्याचे काम केले होते. अनाथ गोट्याला माया लावणारे घर मिळते, हे पाहताना अम्मीच्या डोळ्यांना पदर लागायचा. "यतीम हाय बिचारा," ती म्हणायची. घरी परतल्यावर, हजरत पैगंबर (स.) स्वतः यतीम होते आणि अनाथाच्या डोक्यावरून हात फिरवणे हे किती मोठे पुण्य आहे, हे ती आम्हाला सांगायची. दीनचा तो धडा आम्ही एका मराठी मालिकेच्या निमित्ताने शिकलो.

कानांनी शिकलेल्या भाषा

घरात आम्ही दखनी बोलायचो. शुद्ध मराठी कानावर पडली ती प्रदीप भिडे यांच्या बातम्यांतून आणि शुद्ध उर्दू पडली ती १९८८ च्या 'मिर्झा गालिब'मधून. गुलजार यांचे दिग्दर्शन, नसीरुद्दीन शाह यांचा गालिब आणि जगजित सिंग-चित्रा सिंग यांचे आवाज. ही मालिका लागली तेव्हा अब्बा पहिल्यांदा काकूंच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. "सुनो, उर्दू ऐसी होती," एवढेच म्हणाले. पुढे आम्ही उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवू लागलो, त्याचे बीज बहुधा त्या उंबऱ्यावर पडले.

त्याच वर्षी रविवारी सकाळी बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' सुरू झाले. एकूण ९४ भाग. संवाद लिहिले होते डॉ. राही मासूम रझा यांनी. 'आधा गाँव' कादंबरीचे लेखक, एकेकाळी अलिगढ विद्यापीठात उर्दू शिकवणारे. अब्बा पुन्हा दारात.

"भाऊ, आत या की," काकू म्हणाल्या.

"वहिनी, हे बोल लिहिलेत ते आमच्या राहीसाहेबांनी," अब्बा जरा अभिमानाने म्हणाले.

"व्हय? मग चहा घेऊनच जावा."

त्या दिवसानंतर अब्बांची खुर्ची काकूंच्या सोप्यात ठरून गेली.

आपले घर कुठे?

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकायची. हिंदी मालिकांत मुसलमान दिसायचा तो शेरवानीतला नवाब नाहीतर शायर, आणि १९९० मध्ये 'द सोर्ड ऑफ टिपू सुलतान' आल्यावर सुलतान. मराठी मालिकांत वाडा दिसायचा, चाळ दिसायची. पण आत दखनी आणि दारात मराठी बोलणारे, ईदला शीरखुर्मा आणि एरवी तांबडा-पांढरा रस्सा करणारे आमच्यासारखे घर आम्हाला कधी दिसले नाही. 'नुक्कड'मधले चहाच्या हॉटेलचे कादरभाई म्हणूनच आम्हाला आपले वाटले. कोपऱ्यावरच्या लोकांना उधारीवर चहा देणारा साधा माणूस. त्याचा धर्म हा त्या गोष्टीचा विषयच नव्हता.

आमच्या वर्गातला एक मुलगा परवा म्हणाला, "मी शाळेत दखनी बोलत नाही. पडद्यावर ती आली की लोक हसतात." हे ऐकून आम्ही हललो. ज्या मुलाला आपल्या आईच्या बोलीची लाज वाटते, त्याला आम्ही दोन भाषा शिकवून काय साधणार?

म्हणून आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. घरी रविवारी इशानंतर सगळ्यांचे मोबाईल फडताळात जातात आणि एका पडद्यावर एक जुना भाग लागतो. अब्बा आता थकले आहेत, ऐकूही कमी येते. तरी 'गालिब' लागला की नातवाला अवघड शब्दाचा अर्थ तेच सांगतात. जुन्या मालिकांतले सारेच चांगले होते असे नाही. काही भाग आता कंटाळवाणे वाटतात, मुले जांभया देतात. चालायचेच. जांभई देऊनही ती आजोबांशेजारी बसलेली असतात, हे आम्हाला पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट शाळेत केली. त्या मुलाला सांगितले, "तुझ्या घरातला ईदचा एक प्रसंग लिही. दादी जशी बोलते तशीच बोलू दे." त्याने दादीचे आणि शेजारच्या मावशींचे शीरखुर्म्यात खारीक किती घालायची यावरचे भांडण लिहिले. दादी दखनीत, मावशी मराठीत. स्नेहसंमेलनात ते सादर झाले तेव्हा सभागृह खूप हसले. तो मुलगा पडद्याआडून घाबरून पाहत होता. मग त्याच्या लक्षात आले की लोक बोलीला हसत नाहीत, भांडणाला हसत आहेत. पुढच्या वर्षासाठी त्याने आत्ताच दुसरा प्रसंग लिहायला घेतला आहे.