रात्रीच्या वाटेवर भरवशाचा उजेड

रात्रपाळीची वीज आली की घरातला कर्ता माणूस अकरा-बारा वाजताही मोटारसायकल काढून विहिरीकडे निघतो. दुधाचे कॅन डेअरीवर पोचवायचे तेही पहाटेच्या अंधारात. ऊसतोडणीच्या दिवसांत तर रस्त्याच्या कडेला, मागे ना दिवा ना लाल पट्टी, अशी ट्रॉली कधी उभी असेल याचा नेम नाही. अशा वेळी आपला जीव ज्याच्या हवाली असतो तो बल्ब आपण घेतो कसा? "एक बल्ब द्या, जरा भारीतला," एवढे म्हटले की आपली चौकशी संपते.

आमच्या शेजारच्या वस्तीवरील एका तरुणाने असाच 'भारीतला' निळसर बल्ब बसवला. दिसायला झोकदार. एका रात्री उभी ट्रॉली त्याला अगदी जवळ गेल्यावर दिसली. गाडी चारीत घातली म्हणून मनगटावर निभावले.

किती लांबचे दिसायला हवे?

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी ११ मीटर पुढे जाते. पुढे थांबायला आणखी १२ मीटर लागतात. म्हणजे कोरड्या डांबरी रस्त्यावर सुमारे ३० पावले झाली. वेग ६० केला तर हेच अंतर ४५ मीटर, म्हणजे ६० पावले होते. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट! वाळू, चिखल किंवा झिजलेले टायर असतील तर त्याहूनही जास्त.

आता घरीच एक परीक्षा करा. शेतरस्त्यावर काठीला काळी घोंगडी अडकवा आणि दिवा डिपरवर ठेवून गाडी मागे मागे न्या. घोंगडी दिसेनाशी होईल तिथून पावले मोजा. चाळीस भरली, तर साठच्या वेगाने जाण्याचा तुमच्या दिव्याला अधिकार नाही.

बल्ब कोणता घ्यावा?

जुना बल्ब दुकानात घेऊन जा. त्याच्या पितळी किंवा पत्र्याच्या टोपीवर खूण असते. अनेक १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना 'एचएस१' जातीचा, १२ व्होल्ट ३५/३५ वॉटचा हॅलोजन बल्ब लागतो. काही मोठ्या गाड्यांना 'एच४', ६०/५५ वॉटचा लागतो. दोन आकडे म्हणजे अप्पर आणि डिपर अशा दोन तारा. हे दोन्ही बल्ब दिसायला जुळ्या भावांसारखे असतात, म्हणून नजरेवर जाऊ नका, खूण वाचा.

"मोठा वॉट, मोठा उजेड," असे कोणी सांगेल. पण हिशेब पाहा. ३५ वॉटचा बल्ब सुमारे ३ अँपिअर वीज ओढतो, तर १०० वॉटचा ८ अँपिअरहून अधिक. तेवढा भार ना वायरिंगला पेलतो, ना बॅटरीला. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

निळ्या बल्बचा उजेड पांढरा वाटतो, पण काचेवरचा निळा थर प्रकाशाचा काही भाग अडवतोच. पाऊस-धुक्यात तर साधा पिवळसर उजेडच डोळ्यांना सोसतो. हॅलोजनच्या जागी सुटा एलईडी घालण्याचीही हल्ली लाट आहे. कारखान्यातूनच एलईडी दिवा आला असेल तर उत्तम. पण हॅलोजनचा रिफ्लेक्टर त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. उजेडाची जागा बदलली की झोत फाकतो. जवळचा रस्ता लख्ख दिसतो आणि लांबचा हरवतो.

बल्बला दोष देण्यापूर्वी

बल्बला मिळणारा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून आधी होल्डरचे गंजलेले टोक, सैल अर्थिंग आणि बॅटरी तपासून घ्या. काच आतून धुरकट किंवा रिफ्लेक्टरची चकाकी गेलेली असेल, तर नवा बल्ब घालूनही व्यर्थ. काचेवरचा चिखल मात्र रोज ओल्या फडक्याने पुसावा. हे काम घरातले मूलही हौसेने करील.

हॅलोजन बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकट डाग तापतो आणि काच तिथेच दगा देते. चुकून हात लागलाच तर स्पिरिटच्या फडक्याने पुसून कोरडी करा.

झोत भिंतीवर जुळवा

सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. नेहमीचा माणूस गाडीवर बसवा. रोज कॅन किंवा खताचे पोते नेत असाल तर तेही लादा, कारण मागे ओझे आले की दिवा आभाळाकडे पाहू लागतो. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारा. डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या दोन-तीन इंच खाली पडली पाहिजे. वर गेली तर समोरच्याचा घात, फार खाली आली तर आपला.

थोडी रीत, थोडी माणुसकी

१ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तो दिवसाही जळत असल्याने बल्बचे तास लवकर भरतात. खुणेप्रमाणे एक जादा बल्ब कापडात गुंडाळून गाडीत ठेवा. समोरून वाहन आले की डिपर द्या. त्याने दिला नाही तरी तुम्ही द्या, नजर डाव्या कडेवर ठेवा आणि वेग उतरवा. दिपलेले डोळे सावरायला काही सेकंद लागतात, आणि वयाबरोबर तो वेळ वाढतो.

शेवटी एक विनंती. आपल्या घरी बैलगाडी किंवा ट्रॉली असेल तर तिच्या पाठीमागे चमकणारी लाल पट्टी आजच लावा. दिवा कितीही चांगला असला तरी समोरच्या वस्तूने त्याला उत्तर द्यावे लागते. त्या रस्त्याने उद्या येणारी मोटारसायकल कदाचित आपल्याच लेकाची असेल.