सुई हाती घेण्यापूर्वी

गेल्या आठवड्यात धामणकर नाक्याच्या बाजूला राहणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. ते स्वतः यंत्रमाग कामगार. मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेली. त्यांनी खिशातून एक छापील पत्रक काढून टेबलावर ठेवले. "डॉक्टरसाहेब, तीन महिन्यांत रक्त काढायला शिकवतात, सर्टिफिकेट देतात, नोकरीची हमीही देतात म्हणे. पैसे भरू का?"

मी म्हटले, "भरा, पण आधी चार गोष्टी विचारून घ्या." असा प्रश्न आपल्या गावातील अनेक पालकांच्या मनात असणार. म्हणून त्यांना जे सांगितले तेच आज येथे लिहीत आहे.

हे काम कोणते?

शिरेतून तपासणीसाठी रक्त काढणे याला फ्लेबोटॉमी म्हणतात. पूर्वी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञच रक्त काढी, तपासणी करी आणि नोंदही ठेवी. आता नाक्यानाक्यावर रक्तसंकलन केंद्रे निघाली आहेत, घरी येऊनही रक्त नेले जाते. त्यामुळे केवळ रक्त घेणाऱ्या माणसाची स्वतंत्र गरज निर्माण झाली. काम सन्मानाचे आहे, पण वाटते तितके सोपे नाही.

प्रवेशासाठी काय लागते?

यात दोन वाटा आहेत. पहिली लांबची. बारावी विज्ञान (भौतिक, रसायन व जीवशास्त्र) झाल्यावर प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, म्हणजे डी.एम.एल.टी., किंवा पदवी घेता येते. काही ठिकाणी ही पदविका बी.एस्सी.नंतर करावी लागते. दुसरी वाट छोट्या कौशल्य अभ्यासक्रमाची. त्यासाठी वय साधारण १८ पूर्ण असावे आणि बारावी झालेली असावी अशी अपेक्षा असते. नेमकी अट त्या वर्षीच्या प्रवेशपत्रकात पाहावी.

या दोन वाटांतील फरक समजून घ्या. संसदेने २०२१ मध्ये आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यानुसार या क्षेत्रातील संलग्न व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचे शिक्षण हवे. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राने रक्त घेण्याच्या कामावर मदतनीस म्हणून लागता येईल, पण प्रयोगशाळा तंत्रज्ञ होता येणार नाही. पत्रकात तसे लिहिले असेल तर ते खोटे समजावे.

संस्थेला विचारायच्या चार गोष्टी

पहिली, मान्यता कोणाची? पदवी असेल तर नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा अन्य विद्यापीठाची संलग्नता आहे का, ते कागद पाहून ठरवा. भिंतीवरच्या फ्रेमवर विसंबू नका.

दुसरी, प्रत्यक्ष रक्त काढायला कोठे मिळणार? रबरी हातावर शिकणे ही सुरुवात झाली. त्यापुढे एखाद्या रुग्णालयात अनुभवी माणसाच्या नजरेखाली खऱ्या रुग्णांचे रक्त घ्यायला मिळाले पाहिजे. रुग्णालयाचे नाव विचारा आणि तेथे जाऊन खात्री करा.

तिसरी, हेपॅटायटिस बी अर्थात ब प्रकारच्या काविळीची लस कधी देणार? हिचे तीन डोस असतात. पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे प्रवेशाचा विचार मनात आला की लस सुरू करावी. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिकारशक्तीही तपासून घ्यावी.

चौथी, वापरलेल्या सुया कोठे टाकतात? जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार त्यांच्यासाठी न टोचणारा पांढरा अर्धपारदर्शक डबा लागतो, आणि रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो. ज्या संस्थेला हे सांगता येत नाही, तेथे मुलीला पाठवू नका.

अंगी काय हवे?

गुणपत्रिका दाखवून प्रवेश मिळतो. पुढे लागणारे गुण गुणपत्रिकेत दिसत नाहीत.

बोटाला शीर ओळखता आली पाहिजे. कोपराच्या खोबणीत शीर डोळ्यांपेक्षा बोटाने नीट सापडते, दाबली की ती उसळी घेते. आतल्या बाजूच्या शिरेजवळून धमनी व मज्जातंतू जातात, म्हणून मधली शीर आधी शोधावी. दंडाला बांधलेला पट्टा एक मिनिटाहून अधिक ठेवू नये, नाहीतर रक्त दाट होऊन काही आकडे बदलतात. रुग्णाला विजेसारखी कळ आली तर सुई तत्काळ बाहेर काढावी. दोन प्रयत्नांत जमले नाही तर हट्ट सोडून सहकाऱ्याला बोलवावे. असे बोलावण्यात कमीपणा नाही.

क्रम पाठ हवा. रक्ताच्या नळ्यांना (आम्ही त्यांना बल्ब म्हणतो) वेगवेगळ्या रंगांची झाकणे असतात ती शोभेसाठी नव्हेत. निळी आधी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी आणि शेवटी साखरेची करडी. जांभळ्या नळीतील औषधाचा अंश लाल नळीत गेला तर पोटॅशियम खोटे वाढते, कॅल्शियम खोटे घटते, आणि धडधाकट माणसाच्या घरात रडारड सुरू होते.

वेळेचे भान हवे. रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळी म्हणतो, "उपाशीच आहे." नीट विचारले की कळते, पहाटे चहा झालेला आहे. तेव्हा "उपाशी आहात ना?" असे न विचारता "शेवटचे काय खाल्ले-प्यायले, आणि किती वाजता?" असे विचारावे. हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी रात्रीच रक्तात मोठ्या संख्येने सापडतात, म्हणून त्या तपासणीचे रक्त रात्री घेतात. वेळ चुकली तर तपासणी फुकट गेली.

आणि सर्वांत महत्त्वाचे, नाव विचारता आले पाहिजे. "तुम्हीच ना अन्सारी?" असे कधीही विचारू नये. "तुमचे पूर्ण नाव सांगा, वय सांगा" असे म्हणून चिठ्ठीशी ताडून पाहावे. आपल्या भिवंडीत याला खास कारण आहे. वर्षानुवर्षे मागांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला ऐकू कमी येते. तो प्रत्येक प्रश्नाला मान हलवतो. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू असे सारे बोलणारे लोक एकाच बाकावर बसलेले असतात, आणि एका सकाळी तीन पाटील व चार अन्सारी सहज येतात.

"चूक झाली तर?"

इतका वेळ गप्प असलेल्या त्या मुलीने येथे पहिला प्रश्न विचारला, "चूक झाली तर काय करायचे?" मला प्रश्न आवडला. उत्तर म्हणून मी तिला माझीच गोष्ट सांगितली.

शिकाऊ डॉक्टर असताना एका रुग्णालयाच्या प्रसूती विभागात माझी पाळी होती. शेजारच्या दोन खाटांवरील दोघींचे आडनाव पाटील. दोघींचे रक्तगटासाठी रक्त घेतले, नळ्या कोऱ्याच एप्रनच्या खिशात टाकल्या आणि तेवढ्यात हाक आली म्हणून धावलो. परत येऊन टेबलावर बसून आठवेल तशी नावे लिहिली. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एकीला रक्त द्यायचे ठरले. रक्तपेढीतील तंत्रज्ञाने जुन्या नळीवर न विसंबता नव्याने नमुना मागवला. गट निराळा आला! त्यांचा फोन आला तेव्हा माझे पाय लटपटले, पण "नळ्यांवर नावे मीच नंतर लिहिली" हे मी लगेच सांगितले. दोघींचे रक्त पुन्हा तपासले गेले. न जुळणारे रक्त चढले असते तर त्या बाईच्या जिवावर बेतले असते. वरिष्ठांनी खूप बोलून घेतले, ते योग्यच होते. तेव्हापासून रुग्णाची खाट सोडण्यापूर्वी, त्याच्या समोरच, नळीवर नाव लिहितो.

म्हणून मुलीला म्हटले, चूक लपवण्याची सवय असेल तर या वाटेला येऊ नकोस. चूक झाल्याक्षणी सांगण्याचे धैर्य असेल तर हात आपोआप शिकेल. पहिल्यांदा रक्त पाहून घेरी येणे हा अपात्रतेचा दाखला नव्हे, अनेकांना सवयीने ते जाते.

चुकीचा फटका स्वतःलाही बसू शकतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचलीच तर जखम पिळू नये, बोट तोंडात घालू नये. साबण-पाण्याने धुवावे आणि ताबडतोब वरिष्ठांना सांगावे. एचआयव्हीची शंका असेल तर प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ते २८ दिवस घ्यायचे असते.

वाचकांसाठी

ज्यांना हे शिकायचे नाही त्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा नाव विचारले नाही तर स्वतःहून पूर्ण नाव सांगा, आणि नळीवर ते तुमच्या समोर लिहिले जाते का ते पाहा. नसेल तर नम्रपणे थांबवा. चांगला तंत्रज्ञ रागावणार नाही.

त्या गृहस्थांनी पत्रक घडी करून खिशात ठेवले आणि "आधी रुग्णालयात जाऊन विचारतो" म्हणाले. मुलीने लसीचा पहिला डोस कोठे मिळेल ते विचारून घेतले.

पुढील आठवड्यात : उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, यांतील फरक.