नळातील रबर

पाणी गाळून पिणे हा आपला कुलाचार आहे. परंतु नळातील रबरी चकतीतून जे पाण्यात विरघळते, ते कोणत्याही वस्त्राने गाळले जात नाही. आणि त्या चकत्या विकणारे पुष्कळदा आपणच असतो.

चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या योगे रबर टिकाऊ केले. तथापि नैसर्गिक रबर ऊन व ओझोन वायू यांनी तडकते. नायट्रिल रबर तेलास दाद देत नाही. म्हणून सर्वत्र तेच उत्तम, असा आमचाही ग्रह होता. क्लोरीनयुक्त वा कढत पाण्यात ईपीडीएम रबर अधिक टिकते. मात्र त्यास खनिज तेलाचे वंगण लावल्यास ते फुगते; सिलिकोनचे लावावे. (गिऱ्हाइकास एवढे सांगण्यास कितीसा वेळ लागतो?)

नुसते नाव पुरेसे नव्हे. एकाच नावाखाली मिश्रणे अनेक असतात, आणि पाण्यात काय उतरणार हे मिश्रणावर ठरते. म्हणून उत्पादकाकडे त्याच मिश्रणाचा, पिण्याच्या पाण्यासाठीचा चाचणी-दाखला मागावा. ब्रिटनचे बीएस ६९२० व अमेरिकेचे एनएसएफ ६१ ही मानके याचसाठी आहेत.

जुन्या टायरांच्या रबराची चकती स्वस्त पडते. पिण्याच्या नळासाठी ती आम्ही देत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी गेले तरी.