विश्लेषण : माळ्यावरच्या जुन्या संगणकातील ‘रॉम’ची नक्कल बिनचूक आहे, हे कसे ओळखतात?

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८० च्या दशकात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हा घरगुती संगणक आणला. ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसची ही परवानाधारक आवृत्ती. असे यंत्र भूममध्ये एखाद्या माळ्यावर सापडलेच, तर त्यातील रॉम चिप सर्वांत मोलाची ठरेल.

रॉम इमेज म्हणजे काय?
स्पेक्ट्रममध्ये हार्ड डिस्क नव्हती. वीज जोडताच सुरू होणारी बेसिक भाषा आणि अक्षरांचे आकार १६ केबी, म्हणजे १६,३८४ बाइटच्या रॉममध्ये असत. हे सारे बाइट जसेच्या तसे उतरवलेली फाइल म्हणजे रॉम इमेज. तिच्या आधारे जुने यंत्र आजच्या मोबाइलवरही चालवता येते.

चूक कुठे होते?
चिपचे पाय गंजले असतील, तर वाचताना एखादा बिट चुकतो. ईप्रॉम प्रकारच्या चिपमधील विद्युतभार काळानुसार गळतो. ‘इंटरफेस १’ या जोडउपकरणाची ८ केबीची रॉम तर मुख्य रॉमच्याच पत्त्यांवर बसते. त्यामुळे साध्या आज्ञेने वाचल्यास भलतीच रॉम हाती लागते.

पडताळणी कशी होते?
चिप अनेकदा वाचून सर्व फाइल जुळवतात. मग सीआरसी-३२ किंवा शा-१ हा फाइलचा ‘ठसा’ काढून ‘मेम’सारख्या प्रकल्पांच्या यादीशी ताडतात. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो.

ठसा जुळला नाही तर?
फाइल लगेच टाकून देऊ नये, ती वेगळी आवृत्तीही असू शकते. सिंक्लेअरच्या मूळ रॉममध्ये १४४४६ ते १५६१५ या जागा रिकाम्या असून तेथे २५५ हाच आकडा आहे. शेवटच्या ७६८ बाइटमध्ये ९६ अक्षरचिन्हे आहेत. एखाद्या अक्षराचा ठिपका गायब दिसला, तर वाचनात चूक झाल्याचा संशय घ्यावा. मात्र बिघडलेली चिप दरवेळी तीच चूक करू शकते. म्हणून खात्रीसाठी त्याच मॉडेलचे दुसरे यंत्र लागते. मोजकीच यंत्रे उरली असतील, तर प्रत्येकाचे मोल वाढते.

घरी असे यंत्र असेल तर?
भंगारात देऊ नका. चिपवरचा कागदी लेबल काढू नका, कारण ईप्रॉमच्या काचेवर ऊन पडल्यास मजकूर पुसला जाऊ शकतो. कोणताही अडॅप्टर लावून पाहू नका. मूळ स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्ट पिनमध्ये ऋण टोक मधोमध असते. आधी जाणकाराला दाखवा.