मोटारीचें फ्लायव्हील किती हलकें असावें?

वर्ध्याच्या मगनवाडींत १९३८ सालीं उघडलेल्या मगन संग्रहालयांत निरनिराळे चरखे पाहावयास मिळतात. त्यांपैकीं एखाद्यापुढें क्षणभर थांबलें, तर मोटारीच्या यंत्रांतील एक अवघड वाटणारा प्रश्न पुष्कळसा सोपा होतो. सूत कातणारा चाक फिरवून पेळूंतून धागा ओढतो, मग थांबतो, चाक किंचित् उलट फिरवितो आणि पुन्हां सुलट फिरवून सूत चातीवर गुंडाळतो. हातभर सुतामागें हें सारें एकदां घडतें. चाक फार जड असेल, तर तें थांबवितांना व उलटवितांना हात भरून येईल. फार हलकें असेल, तर हाताच्या प्रत्येक हिसक्यासरशीं त्याचा वेग कमीजास्त होईल आणि धागा तुटेल.

शेतांतील विहिरीवर चालणाऱ्या एका सिलिंडरच्या तेलइंजिनाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या चाकाच्या दोन फेऱ्यांत जोर देणारा धक्का एकदांच बसतो. उरलेला वेळ चाक साठविलेल्या वेगावरच फिरतें. शिवाय एकदां सुरू झालेलें इंजिन तासन् तास एकाच गतीनें चालतें. म्हणून त्याला वजनदार चाकें असतात, आणि तीं असणेंच योग्य होय. तात्पर्य, चाकाचा जडपणा हा स्वतः गुणही नव्हे व दोषही नव्हे. चाकाला किती वेळां वेग बदलावा लागतो आणि धक्के किती अंतरानें मिळतात, या दोन गोष्टींवर त्याचें योग्य वजन ठरतें.

मोटारींत इंजिन व क्लच यांच्यामध्यें असलेलें फ्लायव्हील हें असेंच वेग साठविणारें चाक आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनांत एका फेरींत दोन धक्के मिळतात. तीन सिलिंडरांच्या लहान मोटारींत दोन फेऱ्यांत तीन. मधल्या काळांत गति टिकविणें, स्टार्टरला आपल्या दात्यांच्या कड्याचा आधार देणें आणि क्लच घासून उत्पन्न होणारी उष्णता शोषून घेणें, इतकीं कामें हें चाक करतें. तें हलकें केलें, कीं इंजिन चटकन् वेग घेतें, असें ऐकून अनेक तरुण त्याच्या मोहांत पडतात. तें खोटें नाहीं. परंतु लाभ किती व कोठें, हें हिशेब करून पाहावें.

उदाहरणादाखल ८ किलो वजनाचें, १४ सेंटिमीटर त्रिज्येचें चाक घ्यावें. त्यांतून २ किलो धातु कमी करावयाचा आहे. चाकाचा वेगाला होणारा विरोध मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणें वाढतो. म्हणून तो धातु मध्यापासून १३ सेंटिमीटरवर, कडेजवळ काढला तर विरोध सुमारें चार-दशांश घटतो. ५ सेंटिमीटरवर काढला तर जेमतेम सोळावा हिस्सा. तराजूंत दोन्हीं चाकें सारखीं भरतील, पण मोटारींत नाहीं. विकत घेतांना केवळ ‘किती किलो हलकें’ एवढेंच विचारणारा म्हणूनच फसतो.

आतां गिअरचा विचार. पहिल्या गिअरमध्यें मोटारीचें चाक एकदां फिरतांना इंजिन १४ वेळां फिरतें आणि चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर आहे, असें धरूं. मग कडेचे ते २ किलो काढल्याचा परिणाम, वेग वाढवितांना, गाडींतून सुमारें ८५ किलो ओझें उतरविल्यासारखा होतो. वरच्या गिअरमध्यें हेंच प्रमाण साडेतीन झालें, तर तो लाभ सोळापट घटून सुमारें ५ किलोंवर येतो. वर्ध्याहून नागपूरच्या सरळ रस्त्यावर एका गतीनें जाणाऱ्यास म्हणजे जवळजवळ कांहींच मिळत नाहीं. इंजिनाची शक्ति तर या बदलानें मुळींच वाढत नाहीं.

याची किंमत मात्र रोज द्यावी लागते. मुलांना शाळेंत सोडणाऱ्या आणि आजारी आईला सेवाग्रामच्या रुग्णालयांत नेणाऱ्या गृहस्थाची कल्पना करावी. चौकांत गाडी हलवितांना इंजिन बंद पडूं नये म्हणून त्याला वेग वाढवून क्लच अधिक वेळ घासावा लागेल; आणि उष्णता शोषणारें चाक आधींच हलकें झालेलें असेल. मे महिन्याच्या उन्हांत, वातानुकूलन चालूं असतां, उभी गाडी थरथरेल. गिअर बदलतांना इंजिनाची गति झरकन् उतरेल व सावकाश पाय चालविणाऱ्याच्या मागें बसलेल्या आईला प्रत्येक वेळीं हिसका बसेल.

तरीही बदल करावयाचाच असेल, तर चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, घट माफक असावी; शर्यतीच्या गाडीचें अतिहलकें चाक घरच्या गाडीस घेऊं नये. तीन सिलिंडरांच्या गाडीला तर मूळचेंच चाक बरें. दुसरी, जुनें बिडाचें चाक लेथवर कातून पातळ करूं नये. मिनिटाला हजारों फेऱ्या घेणारें अशक्त चाक फुटलें, तर त्याचे तुकडे पत्रा भेदून बसणाऱ्यांच्या पायांपर्यंत येऊं शकतात. पोलादी अथवा पोलादी घर्षणपृष्ठ जडविलेलें ॲल्युमिनियमचें, त्याच इंजिनासाठीं बनविलेलें व समतोल तपासलेलें चाकच घ्यावें. तिसरी, कांहीं मोटारींत, विशेषतः डीझेलच्या, मध्यें स्प्रिंगा असलेलें दुहेरी फ्लायव्हील असतें. त्याच्या जागीं एकसंध चाक बसविल्यास गिअरबॉक्स खडखडूं लागतो. चौथी, या कामासाठीं गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून क्लचची तबकडी झिजली असेल तेव्हांच हें काम काढावें, म्हणजे मजुरी दोनदां पडत नाहीं.

मोटार मुख्यतः लांब रस्त्यावर किंवा गर्दींत, घरच्या माणसांना घेऊन चालत असेल, तर कारखान्यानें बसविलेलें चाक राहूं द्यावें आणि तो पैसा चांगल्या टायरांवर व ब्रेकांवर खर्च करावा. चालविणारा एकटा, हात सरावलेला आणि रस्ता वळणाचा असेल, तरच माफक हलक्या चाकाचा विचार करावा.