अन्नसुरक्षा प्रमाणन मानके आणि तांदळाची पुरवठा साखळी : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
भंडारा हा धान उत्पादक जिल्हा म्हणून ओळखला जातो. मोहाडी तालुक्यातील करडी परिसरातही धान हे खरिपाचे प्रमुख पीक होय. शेतातील धान ग्राहकाच्या ताटापर्यंत पोहोचताना व्यापारी, राईस मिल, गोदाम व किरकोळ विक्रेता अशा अनेक हातांतून जाते. या साखळीला लागू होणाऱ्या मानकांचे स्वरूप व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

परवाना व प्रमाणपत्र :
या दोन संकल्पनांची अनेकदा गल्लत होते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 अन्वये अन्न व्यावसायिकास नोंदणी किंवा परवाना बंधनकारक आहे. पाकिटावरील 14 अंकी क्रमांक हा त्याचाच द्योतक होय. याउलट आयएसओ 22000 (2005, सुधारित 2018) हे मानक ऐच्छिक आहे. त्याचे प्रमाणपत्र आयएसओ स्वतः देत नाही, तर स्वतंत्र प्रमाणन संस्था तपासणीअंती देते.

कार्यपद्धती :
या मानकाचा गाभा म्हणजे हॅसेप पद्धतीची सात तत्त्वे होत. धोके ओळखणे, नियंत्रणबिंदू ठरविणे, मर्यादा निश्चित करणे, देखरेख, दुरुस्ती, पडताळणी व नोंदी असा त्यांचा क्रम आहे. उदाहरणार्थ, धान नीट न वाळल्यास बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिनचा धोका संभवतो. म्हणून साठवणुकीपूर्वी आर्द्रता 14 टक्क्यांच्या आत आणणे, ती मोजणे व नोंदविणे आवश्यक ठरते. केवळ अंतिम मालाच्या तपासणीवर विसंबून न राहता धोका मुळाशीच रोखणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

मर्यादा :
अधिनियमाच्या कलम 18(3) नुसार शेतकरी व शेतीकार्य यांना हा कायदा लागू होत नाही. मात्र कीडनाशकांचे अवशेष शेतातूनच येतात. करपा रोगावरील ट्रायसायक्लाझोलची तांदळातील मर्यादा युरोपीय संघाने 2017 मध्ये प्रति किलो 1 मिलिग्रॅमवरून 0.01 मिलिग्रॅमवर आणली. त्याची झळ भारतीय बासमतीच्या निर्यातीस बसली. गिरणी कितीही स्वच्छ असली तरी शेतात झालेली फवारणी तिला पुसून टाकता येत नाही. शिवाय प्रमाणनाचा खर्च लहान गिरण्यांना सहज पेलणारा नाही.

निष्कर्ष :
प्रमाणपत्र हे सुरक्षिततेचे साधन आहे, साध्य नव्हे. फवारणीची नोंदवही, आर्द्रतामापक व गोदामाची स्वच्छता या बाबी प्रमाणपत्राविनाही अंगीकारता येतात. शेतकरी गटांच्या माध्यमातून त्या रुजल्यास साखळीचा पहिला दुवा बळकट होईल. या कामी ग्रामीण महाविद्यालयांच्या विज्ञान व वाणिज्य विभागांना मोलाचा वाटा उचलता येईल.