जोड्या मोजून मेंदू कळत नाही

दिव्याहून निघालेली रोहा गाडी पेण, कासू, नागोठणे करत निडीला येते. पुढचं स्टेशन रोहा, आणि तिथून कोकण रेल्वे सुरू होते. या पट्ट्यात रूळ एकच वाट धरून जातो. निडीला तो अडला, तर गाडीला वळसा घालायला दुसरी वाट नाही. रस्त्यांचं तसं नाही. नागोठण्याहून रोह्याला भिसे खिंडीतून जाता येतं, नाहीतर महामार्गाने कोलाड गाठून तिथून रोह्याकडे वळता येतं. नकाशावर या रस्त्यांचं एक कडं तयार होतं. खिंडीतली वळणं सरळ केली, रस्ता रुंद केला, तर किलोमीटर बदलतील, पण कडं जागचं हलणार नाही. लांबी आणि कोन विसरून आकृतीत किती तुकडे, किती कडी आणि किती पोकळ्या आहेत एवढंच पाहणारं गणित म्हणजे टोपॉलॉजी. ऑयलरने 1736 मध्ये कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं सोडवलं ते याच नजरेने. आज ही नजर मेंदूकडे वळली आहे.

माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. त्यांचा संपूर्ण नकाशा कुणाकडेच नाही. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेत ज्या सी. एलिगन्स नावाच्या इवल्याशा कृमीवर काम होतं, त्याच्या 302 चेतापेशींचा नकाशा मात्र 1986 मध्येच प्रसिद्ध झाला. तो हाती येऊनही कृमीचं सगळं वागणं उलगडलेलं नाही. याची कारणं अनेक आहेत. त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं असं, की असा नकाशा फक्त जोड्या दाखवतो: ही पेशी त्या पेशीला जोडलेली आहे, एवढंच.

जोड्यांत काय निसटतं ते नीट पाहू. अ, ब आणि क अशा तीन चेतापेशी घ्या. अ आणि ब एकमेकींकडे न बघता, निम्म्या वेळा पेटतात. त्या दोघींपैकी नेमकी एकच पेटली, तरच क पेटते. दोघी पेटल्या किंवा दोघी गप्प राहिल्या, तर क गप्प. आता बराच वेळ नोंदी ठेवून जोड्या तपासा. अ आणि ब यांचा संबंध नाही. अ आणि क यांचाही नाही, कारण अ पेटलेली असो वा गप्प, क पेटण्याची शक्यता निम्मीच राहते. ब आणि क यांचं तेच. तिन्ही जोड्या कोऱ्या निघतात. तरीही तिघींना एकत्र पाहिलं, की कोणत्याही दोघींवरून तिसरी अचूक सांगता येते. हे नातं तिघींचं आहे, कोणत्याही दोघींचं नाही. अशा नात्यांना वरच्या श्रेणीच्या आंतरक्रिया म्हणतात. मेंदूच्या रचनेतही त्यांना जागा आहे: दोन चेतापेशींच्या सांध्यालगत पुष्कळदा तारापेशी असते आणि ती तिथला संदेश वाढवू किंवा दाबू शकते.

टोपॉलॉजीत हे मांडणं सोपं आहे. तीन बिंदू तीन रेषांनी जोडले, की मधे रिकामा त्रिकोण राहतो. तिघांचं एकत्र नातं असेल, तर तो त्रिकोण भरायचा. चौघांचं असेल तर भरीव चतुष्फलक, आणि असंच पुढे. मग न बुजलेली कडी आणि पोकळ्या मोजायच्या. दोन भागांचा संबंध कुठपासून धरायचा, सहसंबंध 0.8 असला तर की 0.5 वरही, हा वाद कायमचा. त्यावर 2002 मध्ये एडल्सब्रुनर आणि सहकाऱ्यांनी पद्धत बसवली: उंबरठा हळूहळू बदलत न्यायचा आणि कोणती पोकळी दीर्घकाळ टिकते ते पाहायचं.

2017 मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्लू ब्रेन प्रकल्पाने उंदराच्या मेंदूच्या तुकड्याची संगणकीय प्रतिकृती अशी तपासली. सुमारे 31,000 चेतापेशी, 80 लाख जोडण्या. त्यात एकमेकींशी पूर्ण जोडलेले गट सापडले, काही तर 11 मितींचे. लगेच ‘मेंदू 11 मितींत चालतो’ अशा बातम्या झाल्या. प्रत्यक्षात 11 मितींचा गट म्हणजे प्रत्येकीची प्रत्येकीशी जोडणी असलेल्या 12 चेतापेशी. मेंदू नेहमीच्या तीन मितींतच आहे. शिवाय तिथले भरलेले आकार जोड्यांवरूनच भरलेले होते. वर पाहिलेलं अ-ब-क यांचं नातं त्या पद्धतीत दिसलंच नसतं, हा भेद लेखांतून वारंवार पुसला जातो. त्या कामातली मला भावलेली गोष्ट वेगळी आहे: प्रतिकृतीला उद्दीपन दिलं, की पोकळ्या वाढत गेल्या आणि मग कोसळल्या.

सर्वांत ठोस यश नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइमचं. जागा ओळखणाऱ्या ग्रिड पेशी तिथे 2005 मध्ये सापडल्या. त्या शोधासाठी मोझर दांपत्याला 2014 चं नोबेल मिळालं, जॉन ओकीफ यांच्यासोबत. 2022 मध्ये तिथल्याच गटाने शेकडो ग्रिड पेशींच्या एकत्रित पेटण्याचा आकार काढला, तो निघाला टॉरस, हवा भरलेल्या ट्यूबसारखा. उंदीर पेटीत फिरो की झोपलेला असो, आकार तोच. एकेका पेशीकडे पाहून हे कधीच कळलं नसतं.

आपल्याकडे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत अरिजित सामल आणि सहकाऱ्यांनी जवळच्याच वाटेने, जाळ्यांची वक्रता मोजून, ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींच्या मेंदूतल्या जोडण्यांतले फरक 2022 मध्ये दाखवले. हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. एका मुलाचा स्कॅन काढून त्यावरून निदान होत नाही, आणि कुणी पालकांना तशी चाचणी विकायला आलं, तर ठाम नकार द्यावा. सामल यांच्या गटाने वापरलेला खुला साठा, अबाइड, 17 केंद्रांतून गोळा झालेल्या 1,112 जणांच्या नोंदींचा आहे. ती सगळी केंद्रं अमेरिका आणि युरोपातली. संमतीने घेतलेल्या, नावं काढून टाकलेल्या स्कॅनचा असा साठा मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतूनही उभा राहायला हवा. मग ही वक्रता आपल्या मुलांतही तशीच दिसते का, हे चेन्नईतल्याच नव्हे, इथल्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यालाही साध्या संगणकावर तपासता येईल.